जे के एल म्हंजे रास

गाव कुठलं म्हनून विचारताय तर काय सांगू तुम्हाला, मेढ्याच्या वरल्या अंगाला होतं आमचं गाव, आता तितं धरणाचं पानी हाय. उन्हाळ्यात पानी लय खाली गेलं की चावडीचा चौथरा वर येतो म्हनत्यात, मी काय बघाय गेले न्हाई. आमची आळी वड्याकडंला, आमी बौद्ध. धर्मांतर झालं तवा मी सहा-सात वर्सांची आसन, बापानं देव्हाऱ्यातलं समदं एका टोपलीत भरलं आन वड्याला सोडून आला, येवढं मला आठवतंय, कारन टोपली बी त्येनं सोडून दिली आन थोरली चुलती त्येच्यावर लय वराडली, देव गेलं त्ये बरं झालं पर टोपली कशाला सोडलीस रं, म्हनून. ह्या चुलतीला आमी नानी म्हनायचो. माझी आई धाकटा भाऊ पाळण्यात आसताना गेली, नानीनंच मला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळंला बी तिनंच ढकललं.

सातवी झाल्यावर मला साताऱ्याला मामाकडं धाडली. मामा एका टायपिंगच्या क्लासात झाडलोट करायचा, त्येची पाठ धरली की मी जायची झाडाय. मशिनी बघून मला लय नवल वाटायचं. दुपारी क्लास मोकळा आसायचा, सर डबा खाऊन डुलक्या घ्यायचे, तवा मी एका मशिनीवर बसायची. एक दिवस सरांनी बघितलं. मला वाटलं आता गेलं काम. पर सर म्हनले, बसायचं तर नीट बस, बोटं मधल्या रांगंवर ठेव. उजव्या हाताचं पयलं बोट र, मधलं बोट काना, तिसरं बोट स. मार बघू. र, काना, स. रास. म्हनले आता कागद भरून रास मार. खळ्यावर पडती ती रास. मी दोन म्हयनं नुसती रास मारली आसंन बगा, आन मंग बाकीची अक्षरं. बघून मारायचं न्हाई, समूर फळ्याकडं बघायचं, आसा सरांचा नेम. त्यामुळं आजबी मला कुनी विचारलं ख कुटं हाय तर मला सांगता यायचं न्हाई, बोटाला इचारावं लागतंय.

लगीन सांगलीकडं झालं. मालक माधवनगरला मिलमदी होते. मिल बंद पडली, ते घरी बसले आन मी भाईर पडले. विश्रामबागेत एका आण्णांचा टायपिंगचा क्लास होता, तितं मी लागले. पोरं शिकायची ती शिकायची, शिवाय अर्ज, दावं, संस्थांची कामं, आसलं समदं टाईप करून द्यायचं, त्ये माज्याकडं. आण्णा मानूस देवभोळा, कपाळाला भला मोठा टिळा, पर बाईमानसाला कवा वाकडं बोलला न्हाई. मला शेवंताबाई म्हनायचे, आन माझ्या हाताला स्पीड हाय म्हनून आल्यागेल्याला दाखवायचे, बघा बघा, ही बाई बोलण्याच्या बरोबरीनं मारती. मला बी त्येचा गर्व व्हता. म्होरं त्याच गर्वानं घात केला, सांगते.

तर आण्णांनी एक जुना कॉम्प्युटर आनला. कोल्हापूरकडची एक छापखानेवाली पार्टी धंदा गुंडाळून बंगळूरला निघाली व्हती, तिच्याकडनं. संगट एक पुट्ट्याचा खोका, त्यात चौकोनी फ्लॉप्या, वहीच्या पानायेवढ्या बी न्हाईत, तळहातायेवढ्या. आण्णांनी सांगितलं, ह्यातल्या निळ्या चिठ्ठीच्या हायेत त्या मशीन चालू करायच्या, आन दोन हिरव्या चिठ्ठीच्या त्या मराठी अक्षरांच्या, ह्या जपायच्या. मी म्हनलं मशीन तर चालूच हाय की, मंग चालू करायच्या कशाला? आण्णा म्हनले त्ये मला बी कळलं न्हाई, पर जपायच्या. मराठी अक्षरांची मांडणी मात्र आमच्या टायपिंग मशिनीसारखीच निघाली. बटनावर इंग्रजी लिवल्यालं, पर बोट तितंच पडायचं. मला काय, मी खाली बघतच न्हाई. आठ दिसांत बसले त्येच्यावर.

आता आमच्या गावाचं सांगते, म्हंजे ह्ये कशासाठी त्ये कळंल. गाव उठलं तवा पंचनामं झालं, पर आमच्या आळीची झाडं, खळी, हिरी, ह्यातलं निम्मंअर्धं कागदावर आलंच न्हाई, म्हंजे त्येची भरपाई बी न्हाई. आळीतली मानसं कुनी सांगलीकडं मिळालेल्या जागंवर गेली, कुनी साताऱ्यात ऱ्हायली. माझा धाकटा भाऊ बापू, त्यो हेलपाटं घालून घालून झिजला आन शेवटाला एकदाची फेरसुनावणी मिळाली. पुनर्वसनाचा साहेब म्हनला, ज्येनं त्येनं आपला जबाब लिवून आना, घरात काय व्हतं, परड्यात काय व्हतं. बापू माझ्याकडं आला. आक्का, वहीत लिवून आनतो, तू टाईप कर. मी म्हनलं, वहीत कशाला, दोन-दोनदा काम. मानसंच आन हितं. बोलू देत, मी बोलण्याच्या बरोबरीनं मारते.

झालं. ऐतवारी क्लासाला सुट्टी, आण्णांनी किल्ली दिली. बापू दर ऐतवारी दोघं-तिघं घेऊन यायचा. एकेक म्हातारं त्या खोलीत येताना चपला भाईर काढायचं, मशीनला नमस्कार घालायचं आन बसायचं. बोल म्हनलं की बोलायचं न्हाई. मंग बापू म्हनायचा, तात्या, तुमच्या हिरीत पडला व्हता तो रेडा कुनाचा हो? मंग जे सुरू व्हायचं. रेड्यापासनं हिरीची खोली, हिरीपासनं जांभळ, जांभळापासनं भांडणं. मी समदं मारायची. कागदावर काडायचं ऱ्हायलं, कारन आण्णा म्हनले, प्रिंटरची रिबन फिकी झालीया, नवी आनू आन एकदमच काडू. कागूद नव्हता म्हंजे नव्हता. त्या मशिनीच्या पोटात काय आसंल तेवढंच.

सगळ्यात शेवटी नानी आली. साताऱ्यासनं एसटीनं, बापूबरूबर. ऐंशीच्या घरात आसंल. मला बघून म्हनली, ह्येच्यावर बसायसाठी शाळंत घातली व्हय तुला? बरं हाय की, सावलीत हाय. आन मंग दुपारभर बोलली. एकटीच. डोळं मिटून, समदं घर उंबऱ्यापासनं फिरली ती. मी मारत ऱ्हायले. ती दमली तवा बापूनं चा आनला, बशीत वतून प्याली आन गेली.

मंग आली खंडेनवमी. ह्या दिशी आण्णा समद्या मशिनी मांडायचे, हार, हळदकुकू, नारळ. आमच्यात पूजा न्हाई, आण्णांना ठावं व्हतं, त्येनी कवा आग्रह केला न्हाई, आन मी बी आपली आदल्या दिशी समद्या मशिनी ब्रशनं आन राकेलानं लख्ख करून द्यायची. अक्षरांत मळ बसतो ना, राकेलानं निघतो. माझी पूजा म्हना की तीच. त्या साली मला वाटलं, कॉम्प्युटर बी मशीनच, पर आतनं कसा पुसावा? तर त्या फ्लॉप्या. त्येला वर एक पत्र्याची सरकती झापड आसती, ती सरकवली की आत काळी चकती, आन त्यावर मला धूळ दिसली. घेतला राकेलाचा बोळा. समद्या पुसल्या. एक बी सोडली न्हाई. दुसऱ्या दिशी आण्णांनी त्याच झापडा सरकवून एकेकीला हळदकुकू लावलं, वरनं फूल, फुलावर पानी. मला त्यांनी सांगितलं न्हाई, मी त्यांना सांगितलं न्हाई.

दिवाळी झाली आन नानी गेली. बसल्या जागंवर, शेंगा फोडता फोडता. तिचं समदं झालं आन धाव्या दिशी सुनावणीची नोटीस आली, पुडल्या म्हयन्याच्या पयल्या आठवड्यात, साताऱ्याला. रिबन आनली. मी मशीन चालू केलं, फाईल उघडली, तवर लाईट गेली, आली, परत गेली, परत आली, आसं तीन-चारदा डोळं मिचकावल्यागत झालं. मंग जे काळं झालं त्ये काळंच. वरल्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात इंग्रजी एक वळ. मी ती कागदावर उतरून घेतली, जशीच्या तशी, चित्र काडल्यागत. आण्णांनी वाचलं. ऑपरेटिंग सिस्टीम मिसिंग. मिसिंग म्हंजे काय? म्हंजे हरवलीया. मी म्हनलं आवं आण्णा, खोली बंद, खिडकी बंद, हितनं कोन नेनार? आण्णा म्हनले, शेवंताबाई, मला काय इचारू नका, माझं डोकं चालंना.

आमच्याकडं फौजेतनं रिटायर झालेल्या समद्यांनाच मेजर म्हनत्यात, तसं एक मेजर गल्लीच्या टोकाला ऱ्हायचे. ऊसवाल्या घरातले, पर शेतात मन रमायचं न्हाई. फौजेत बिनतारी खात्यात व्हते, त्यामुळं रेडू, टीव्ही, आता कॉम्प्युटर बी उघडून बसायचे. ते आले. खुर्ची मागं सारली, उभ्यानंच बटनं दाबली. डरनेका न्हाई वहिनी, म्हनले, घर जाग्यावर हाय, घरातला कारभारी तेवढा पळालाय. नवा कारभारी बसवू. ओरिजिनल फ्लॉप्या काडा.

आण्णांनी खोका आनला. मेजरनी पयली फ्लॉपी घेतली, झापड सरकवली, आन बघतच ऱ्हायले. बोटाला लाल लागलं. ये क्या है? आण्णा खाली बघत म्हनले, कुकू. कुकू? खंडेनवमीला लावलं. मेजरनी दुसरी काडली, तिसरी काडली. मंग नाकाजवळ नेली. आन ह्यो वास कसला? मी म्हनलं, राकेल. पुसल्या व्हत्या मी. मेजर खाली बसले. म्हनले, छत्तीस वर्सात बॉर्डरवर एवढी तबाही मी बघितली न्हाई. आण्णा म्हनले, चूक माझी, मी पानी लावलं. मी म्हनलं आवं न्हाई, राकेल आदी माझं. ते म्हनले माझंच. आसं आमचं चाललं तवा मेजर म्हनले, आता वाटून घेऊ नका, दोघांची मिळून पुरी हाय.

मंग ते म्हनले, एक काम करतो, समदं धुऊन काडतो आन नव्यानं घालतो, सोपं पडतंय. मी इचारलं, धुऊन म्हंजे आतलं जातंय का? म्हनले, हां, समदं कोरं. मी मशीनच्या आन त्यांच्या मदी जाऊन उभी ऱ्हायले. म्हनलं, मेजर, आत माझी मानसं हायेत. त्यातली एक मेलीया, तिला परत बोलवून इचारता येत न्हाई. न धुता घालता येतंय का त्ये बगा. मेजरनी बटनांवरचा हात काडला. मंग आवाज खाली आणून म्हनले, येतंय, पर त्येला हेच नंबर आसल्याल्या फ्लॉप्या लागत्याल, दुसऱ्या कुनाच्या. साताऱ्यात माझा एक जुना साथीदार हाय, त्येच्याकडं हायेत, पर पोस्टानं न्हाई पाठवायचा. मी हितं मशीन उघडून बसतो, तुमी जाऊन या.

मी गेले. त्या मानसानं सहा फ्लॉप्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या आन सांगितलं, चुंबकाजवळ न्यायच्या न्हाईत, चुंबक लागला की आतलं समदं पुसतंय. आता चुंबक कशाकशात आसतोय त्ये मला काय ठावं. एसटीत मी मांडीवर पिशवी धरून बसले, तर शेजारी एक बाप्या रेडू कानाला लावून. मी इचारलं, दादा, ह्यात चुंबक आसतोय का? म्हनला, आसतोय की, त्याबिगार वाजंल व्हय? मी उठले, फुडं जाऊन बसले. तितं एका बाईच्या पर्सला चुंबकाचं बटन. परत उठले. कंडक्टर म्हनला, आवं मावशे, जागा पसंत पडंना व्हय तुमाला, का सासरला निघालायसा? कराडपासनं उभीच आले.

घालाय सुरवात केली. मशीन एकेक फ्लॉपी मागायचं, दोन घाला, तीन घाला. मला वाटायचं ह्येला कसं कळतंय आता तीन झाली म्हनून. चारला आडलं. आतनं करर करर आवाज यायला लागला, जात्यात खडा आल्यागत. वाचता येत न्हाई म्हनलं मशीन. मेजरनी फ्लॉपी काडली, फुंकली, घातली. न्हाई. आन एकदा. न्हाई. आण्णांनी हात जोडले, मेजर म्हनले, आण्णा, पूजा पुरं आता. किती बार घातली आसंल, शेवटाला एकदा करर करर करत गिळली त्येनं. सहा झाल्यावर पडदा उजळला. मेजरनी टेबलावर थाप मारली, लो जी, कारभारी आला. मी म्हनलं, माझी फाईल? व्हती. जी ए व्ही नावाची, गाव, जितं ठेवली व्हती तितंच. माझ्या डोळ्याला पानी आलं.

उघडली. आन काय सांगू तुम्हाला, आत समदं इंग्रजी. इंग्रजी म्हंजे इंग्रजी बी न्हाई, आण्णांना वाचता येईना, मेजरना येईना. अक्षरं, स्वल्पविराम, कंस, नुसता पालापाचोळा, पानंच्या पानं. मी म्हनलं ह्ये कुनाचं? मेजर म्हनले, तुमचंच. माझं मराठी व्हतं. म्हनले, व्हय, पर ती मराठी अक्षरं जितं ठेवली व्हती त्याच जाग्याला मार बसलाय, ती गेली. बोलणं हाय, अक्षरं न्हाईत. मला काय उमगंना. अक्षरं न्हाईत तर बोलणं कशात हाय? मानूस न्हाई आन आवाज हाय, आसं कसं आसंल? आन त्या अक्षरांच्या हिरव्या चिठ्ठीच्या फ्लॉप्या मी राकेलानं धुतल्याल्या.

माधवनगरात एक छापखाना व्हता, त्यांच्याकडं मराठी कॉम्प्युटर. मेजर फाईल उतरून घेऊन गेले, मी संगट. त्यांनी त्यांची मराठी अक्षरं लावली आन पडदाभर मराठी आली. मी हारकले. वाचाय गेले तर, छ ढ घी खट, ळं ळं फ्या. मराठीच, पर कुठल्या मुलखातली? छापखान्याचा मानूस म्हनला, आमच्या अक्षरांची मांडणी येगळी, तुमच्या क ला आमच्यात दुसरंच कायतरी. त्यो हसायला लागला, मोठ्यानं वाचाय लागला, ळं ळं फ्या. मला त्येला थोबाडावं वाटलं. माझी नानी बोलती व्हती ती.

परत आलो. सुनावणीला चार दिस ऱ्हायले. बापू आला, त्येला सांगितलं, त्यो भित्तीला टेकला. म्हनला, आक्का, वहीत लिवलं आसतं तर. एवढंच बोलला. आण्णा म्हनले, परत मानसं बोलवा, जेवढी येत्याल तेवढी. मेजर भाईर जाऊन बिडी वढाय लागले. मी त्या पडद्याफुडं बसून ऱ्हायले. वाचत नव्हते, वाचण्यासारखं काय नव्हतंच. नुसती बघत व्हते. तर मला दिसलं की त्या पालापाचोळ्यात एक अक्षर जितं तितं हाय, के. के, के, के, दर दोन अक्षराआड के. मी म्हनलं ह्यो के यवढा कशाला? आन मराठीत जितं तितं काय आसतंय? काना. मी बटनांवर बघितलं, खरं सांगते, पयल्यांदाच बघितलं, के कुटं हाय. उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. मंग मी पडदा चाळत गेले आन एका जागंला आलं, जे, के, एल. लागोपाट. माझी तीन बोटं आपोआप हालली, पयलं, मधलं, तिसरं. र, काना, स. रास.

रास! मी वराडले. मेजर बिडी टाकून पळत आले. मी म्हनलं, रास हाय ही, खळ्यावरची रास, तात्यांचं खळं हाय ह्ये, हितनं तात्या बोलायला लागल्यात. मेजरना काय कळंना. मी त्यांना म्हनलं, अक्षरं गेली, बोटं न्हाई गेली. मी कुठलं बटन दाबलं त्ये ह्यो इंग्रजीत सांगतोय. तुमी वाचा, मी मारते.

मंग मेजर बिनतारी खात्यातले, त्यांचं त्वांड सुटलं. ताठ बसून एकेक अक्षर, एल, के, जे, के. आण्णांनी टायपिंग मशिनीच्या बटनांवर डिंकानं इंग्रजी अक्षरांच्या चिठ्ठ्या लावल्या, कॉम्प्युटरवर बघून. पयल्या दिशी मी दर अक्षराला अडायची, ऐकायची, हुडकायची, मारायची. दुसऱ्या दिशी दुपारपासनं चिठ्ठ्यांकडं बघणंच सुटलं. मेजर म्हनायचे कॅप, म्हंजे मोठं अक्षर, म्हंजे माझ्या मशिनीवर शिफ्ट दाबून वरचा मारा. एकदा ते कॅप म्हनायचं इसरले तर तात्यांच्या हिरीत रेड्याच्या जागी भलतंच कायतरी पडलं, आन त्या तीन दिसांत आमी एकदाच हासलो त्ये तितं. एकेक म्हातारं कागदावर उतरत व्हतं. भाईर चपला काडून बसल्याली मला ती परत दिसत व्हती.

नानी शेवटाला आली. तिचा जबाब आरामात चालला व्हता, उंबरा, मेढी, चूल, कणगी, परडं. मेजर थांबले. म्हनले, वहिनी, हितं अक्षरं न्हाईत. मी उठून बघितलं. दोन वळी नुसते चौकोन. लाईटीचा मार तितं बी बसला व्हता. आदीचं वाक्य व्हतं, घराच्या मागल्या अंगाला. मंग चौकोन. आन चौकोन संपल्यावर, तेवढं मला कोन देनार न्हाई, ठावं हाय मला.

बापू म्हनला, घाल की, मागल्या अंगाला तीन आंबं. आंब्याचं लय धरत्यात. मी म्हनलं आंबं व्हतं का? म्हनला, एक तरी आसंलच की, कोनाच्या मागं आंबा न्हवता? मी म्हनलं, आसंल म्हनून लिवायचं व्हय, मागल्या पंचनाम्यात नसंल म्हनून कुनीतरी सोडून दिलं, तसंच? बापू तापला. आक्का, तूच टाईप केलंस ना, तुझ्याच कानावर पडलंय, आठव की! आन हितंच माझं पानी पानी झालं. मला आठवंना. नानी माझ्या समूर बसून बोलली, मी शबूद न् शबूद मारला, आन मला आठवंना. टायपिंग करताना कसं आसतंय, कानातनं सरळ बोटात जातंय, मदी मी नसतेच. बोलण्याच्या बरोबरीनं मारते म्हनून मिरवायची ना मी, तर मी ऐकलंच नव्हतं. बोटांनी ऐकलं. बापूला म्हनलं, मला ठावं न्हाई. त्यो म्हनला, मंग तुझा खरेपणा घेऊन बस. मी त्या दोन वळींच्या जागी टिंबं मारली. टिंब, टिंब, टिंब, दोन वळी भरून.

सुनावणीला मी बी गेले. साहेबानं कागूद चाळलं, चांगला मानूस व्हता, नानीचा जबाब मोठ्यानं वाचला. टिंबांपाशी थांबला. हे काय? मी उभी ऱ्हायले, म्हनलं, साहेब, हितं ती बोलली हाय, मशीन बिघडलं, गेलं. काय बोलली? ठावं न्हाई. साहेब म्हनला, मग बाई, टिंबांचं मी काय करू? मी म्हनलं, काय करू नका, पर कायतरी व्हतं येवढं धरा. त्येनं कडंला पेन्सिलीनं कायतरी लिवलं. काय लिवलं त्ये आमाला कळलं न्हाई.

तात्यांची हीर धरली, जांभळ धरली. बाकीच्यांचं बी थोडं थोडं धरलं. नानीचं खळं आन परडं धरलं, मागल्या अंगाचं काय न्हाई. तिचा ल्योक माझ्याशी दोन वर्सं बोलला न्हाई, आन मला त्येचा राग बी आला न्हाई. मी आळीतल्या समद्यांना इचारलं, नानीच्या घराच्या मागं काय व्हतं? कुनी म्हनलं आंबा, कुनी म्हनलं गोठा, एक म्हातारी म्हनली, आगं तिची एक लेक बारकी आसताना गेली व्हती, तिला तितं पुरली व्हती. दुसरी म्हनली, छ्या, ती दुसऱ्या घराची. काय खरं मानायचं सांगा. जाऊन बघावं तर पानी.

आता माझं बी वय झालं. बोटं वाकडी झाली, मशीन कवाच सुटलं. आण्णा न्हाईत, मेजर न्हाईत. बापू येतो, बसतो, त्यो इषय काडत न्हाई, मी बी न्हाई. मला आजून त्ये कळलं न्हाई की त्ये समदं आत कसं आसतंय, जातंय कसं, आन गेलं तर कुटं जातंय. समजून घ्यायचं वय बी ऱ्हायलं न्हाई. तुमी भली मानसं, येवढ्या लांबनं येऊन माझं लिवून घेताय. येक सांगते, मी बोलते त्यात दात न्हाईत, फुसफुस लय हाय, सगळंच तुमाला उमगंल आसं न्हाई. जितं उमगलं न्हाई तितं टिंबं द्या, बाई. पदरचं घालू नका. सुखात ऱ्हावा.